ग्रंथपालाचे शिक्षण कधी संपते?

डॉक्टर नवी औषधे शिकतो, शिक्षक नवा अभ्यासक्रम शिकतो, गॅरेजमधला मेकॅनिकसुद्धा नव्या गाडीचे इंजिन शिकून घेतो. मग ज्याच्या हाती गावाचे सारे ज्ञान सोपवलेले असते, त्या ग्रंथपालाने एकदा मिळवलेल्या प्रमाणपत्रावर तीस वर्षे कशी काढावीत? हा प्रश्न केवळ त्याचा नाही, तुमच्या-आमच्या घराचाही आहे.

तालुक्याच्या एखाद्या वाचनालयात संध्याकाळी तासभर उभे राहून पाहा. देवघेवीच्या खिडकीशी किती तऱ्हेची माणसे येतात! एखाद्या गृहिणीला रहस्यकथा हवी असते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला मागच्या पाच वर्षांचे आर्थिक पाहणी अहवाल हवे असतात. निवृत्त गुरुजींची दृष्टी अधू झालेली असते, त्यांना मोठ्या टाइपातले काही मिळेल का, अशी विचारणा असते. एका आईला मुलाच्या आजाराबद्दल विश्वासाने वाचता येईल असे पुस्तक हवे असते, कारण मोबाइलवर आलेल्या उपायांनी ती गोंधळून गेलेली असते.

खिडकीपलीकडे मात्र एकच माणूस असतो. या साऱ्यांना उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. त्याने ग्रंथालयशास्त्राचे प्रमाणपत्र घेतले तेव्हा यांतल्या निम्म्या प्रश्नांचा जन्मही झालेला नव्हता. त्या वेळी त्याला शिकवले गेले ते दाखलनोंद कशी करावी, तालिकापत्रे कशी लिहावीत आणि पुस्तकाच्या पाठीवर क्रमांक कसा चिकटवावा, हे. ते शिक्षण चुकीचे नव्हते, आजही ते पायाभूतच आहे. पण पाया घातला म्हणजे घर बांधून झाले, असे कोणी म्हणत नाही.

एका गणिताच्या प्राध्यापकाची गोष्ट

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून ज्यांना ओळखले जाते, ते डॉ. एस. आर. रंगनाथन मुळात ग्रंथपाल नव्हतेच. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवत. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. विद्यार्थ्यांच्या गजबजाटात रमणारा हा प्राध्यापक पुस्तकांच्या शांततेला काही दिवसांतच कंटाळला आणि 'मला परत वर्गात घ्या' म्हणून प्राचार्यांकडे गेला. आधी ठरल्याप्रमाणे इंग्लंडला जाऊन या विषयाचे शिक्षण घ्या, परतल्यावरही मन रमले नाही तर पाहू, असा सल्ला त्यांना मिळाला.

रंगनाथन लंडनला गेले. युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रंथालयशास्त्राचे धडे घेतलेच, पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी इंग्लंडमधली कितीतरी ग्रंथालये पायाखाली घातली. कामगार वस्तीतल्या ग्रंथालयापासून मुलांच्या वाचनकक्षापर्यंत सारे बारकाईने पाहिले. एका दुकानात त्यांना मेकॅनोचा खेळ दिसला. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू निरनिराळ्या रीतीने जोडून हरतऱ्हेच्या वस्तू तयार होत होत्या. विषयांचेही असेच सुटे भाग पाडून ते हवे तसे जोडता आले तर? या एका विचारातून पुढे त्यांची 'द्विबिंदू वर्गीकरण' पद्धती उभी राहिली. ती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी १९३१ मध्ये त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त पुस्तकरूपाने आले होते.

या पाच सिद्धान्तांतला शेवटचा सिद्धान्त सांगतो की, ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे. आपण त्याचा अर्थ बहुधा कपाटे वाढतात, इमारत वाढते, एवढाच घेतो. पण संस्था वाढायची आणि तिचा चालक मात्र आहे तिथेच थांबायचा, हे कसे जमावे? रंगनाथन यांनी स्वतःपुरते तरी याचे उत्तर दिले होते. आपल्या वर्गीकरण पद्धतीच्या सहा आवृत्त्या त्यांनी हयातीत काढल्या. प्रत्येक वेळी आधीचे तपासले, खोडले, नव्याने मांडले. सातवी आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, १९८७ मध्ये आली. १९६२ मध्ये, सत्तरीला टेकलेल्या वयात, त्यांनी बंगळूरला प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. आयुष्यभराच्या साठवणीतले एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला देऊन या विषयाचे अध्यासन स्थापन केले, त्याला पत्नी शारदा यांचे नाव जोडले. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हार घालताना या न संपणाऱ्या विद्यार्थीदशेची आठवण ठेवली, तर तो दिवस खऱ्या अर्थाने साजरा होईल.

बडोद्यातला मराठी धागा

ग्रंथपालाला शिक्षण लागते, हा विचार आपल्याकडे रुजवला तो महाराज सयाजीराव गायकवाड यांनी. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्यास बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये अशी साखळी उभी करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. बॉर्डन यांना लगेच उमगले की, पुस्तके विकत आणता येतात, ती सांभाळणारी माणसे मात्र घडवावी लागतात. १९११ मध्ये त्यांनी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातील ग्रंथालय शिक्षणाची ही सुरुवात मानली जाते.

पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, बडोद्याहून 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक निघाले. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता! म्हणजे वर्ग संपल्यावरही ग्रंथपालाच्या हाती काही नवे वाचायला पडावे, तेही त्याच्या भाषेत, याची सोय शंभर वर्षांहून आधी झाली होती. काही वर्षांनी ते त्रैमासिक बंद पडले, पण त्यामागची दृष्टी जुनी झालेली नाही.

काय काय बदलले?

बाहेरून पाहणाऱ्याला ग्रंथालय वर्षानुवर्षे तसेच दिसते. तीच कपाटे, तोच जुन्या कागदाचा वास. पण आतले काम मात्र पार बदलले आहे.

वर्गीकरणाचेच पाहा. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी ड्युई यांची दशांश पद्धती १८७६ मध्ये आली तेव्हा ती चव्वेचाळीस पानांची पुस्तिका होती. २०११ ची तेविसावी छापील आवृत्ती चार जाडजूड खंडांची आहे. संगणकशास्त्राला पहिल्या आवृत्तीत जागा असण्याचे कारणच नव्हते. पुढे १९८० च्या दशकात त्यासाठी स्वतंत्र क्रमांक द्यावे लागले. जुनी आवृत्ती हाताशी धरून बसलेला ग्रंथपाल संगणकाचे पुस्तक कुठे ठेवणार? ते 'इतर' म्हणून कोपऱ्यातल्या कपाटात जाते आणि ज्याला हवे त्याला कधीच सापडत नाही.

त्यानंतर मराठी अक्षरांचा प्रश्न आला. १९९० च्या दशकात अनेक ग्रंथालयांनी मोठ्या हौसेने संगणक घेतले आणि हजारो मराठी पुस्तकांच्या नोंदी त्या वेळच्या फाँटमध्ये टंकित केल्या. प्रत्येक फाँटची संकेतपद्धती वेगळी होती. फाँट बदलला, संगणक बदलला, की पडद्यावर अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे उमटत. युनिकोड आल्यावर देवनागरीला सगळीकडे चालणारी एक पद्धती मिळाली. पण जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणायच्या कशा, हे ज्यांनी शिकून घेतले त्यांचे श्रम वाचले. ज्यांना ते कोणी शिकवले नाही, त्यांच्यापुढे सारे पुन्हा पहिल्यापासून टंकित करण्याचे काम उभे राहिले.

सॉफ्टवेअरचीही तीच कथा आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेची जुनी संगणकप्रणाली इसवी सन २००० ओलांडणार नव्हती. तिने १९९९ मध्ये नवी प्रणाली बनवून घेतली आणि २००० मध्ये ती जगाला मोफत खुली केली. तिचे नाव 'कोहा'. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आज भारतातही अनेक ग्रंथालये ती वापरतात. आपल्याकडे विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'सोल' आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' या प्रणालीही आहेत. यांतले काही विनामूल्य मिळते, पण ते वापरण्याचे ज्ञान आपोआप मिळत नाही. प्रणाली फुकट आणि शिकवणारा कोणी नाही, अशा स्थितीत संगणकावर प्लॅस्टिकचे आच्छादन चढते आणि देवघेव पुन्हा वहीत सुरू होते.

अलीकडे आणखी एक पेच पडला आहे. प्रश्न विचारताच फाडफाड उत्तरे देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणांकडून वाचक पुस्तकांची यादी घेऊन येतात. यादी मोठी झोकात असते. लेखकाचे नाव, प्रकाशन, वर्ष, सारे असते. फक्त त्यांतली काही पुस्तके कधी लिहिलीच गेलेली नसतात! 'आमच्याकडे नाही' म्हणून वाचकाला परत पाठवणे सोपे आहे. मोठ्या ग्रंथालयांच्या तालिका, प्रकाशकांच्या याद्या, आयएसबीएन क्रमांक यांच्या आधारे ते पुस्तक मुळात आहे की नाही, हे तपासणे आणि वाचकालाही तपासायला शिकवणे, हे आजच्या ग्रंथपालाचे काम आहे. जुन्या अभ्यासक्रमात ते कुठून असणार?

पुराचे पाणी आणि पहिले दोन दिवस

कुणाला वाटेल, हे सारे संगणकाचे कौतुक झाले. मग निव्वळ कागदाची गोष्ट घेऊ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर भागात महापूर आला तेव्हा घरादारांबरोबर ग्रंथालयांतही पाणी शिरले. असे पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेल्या पुस्तकांचे काय करायचे, हे ठरवायला फार वेळ मिळत नाही. आपल्या दमट हवेत साधारण दोन दिवसांत ओल्या कागदावर बुरशी धरू लागते.

अशा वेळी मदतीला धावलेली माणसे प्रेमापोटीच नेमके नको ते करतात. ओली पुस्तके उघडून पाने सोडवू पाहतात, ती फाटतात. कडक उन्हात वाळत घालतात, पुठ्ठे वाकडे होतात. पानांवरचा चिखल फडक्याने पुसतात, तो कागदाच्या आत जिरतो. जाणकार सांगतात की, आधी दाखल नोंदवही आणि दुर्मीळ ग्रंथ बाहेर काढावेत. चिखलाची पुस्तके मिटलेलीच ठेवून स्वच्छ पाण्यात हलके धुवावीत. मग पानांमध्ये अधूनमधून कोरा शोषक कागद घालून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावीत आणि कागद वरचेवर बदलावेत. गुळगुळीत कागदाची पाने वाळताना एकमेकांना चिकटतात, म्हणून त्यांच्याकडे सर्वांत आधी पाहावे. पुस्तके हजारोंनी असतील आणि हात कमी असतील, तर ती थेट गोठवून टाकावीत. गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाही, वाळवायला सवड मिळते. मात्र त्यासाठी शून्याच्या बरेच खाली तापमान ठेवणारे, मासळीसाठी असते तसे शीतगृह लागते. फळे-भाज्यांच्या साध्या शीतगृहात बुरशी फक्त मंदावते.

हे ज्ञान महागडे नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेत ते पुरेपूर शिकता येते. पण ते पाणी चढण्याआधी शिकलेले असावे लागते. शतकभर जपलेली हस्तलिखिते आणि नियतकालिकांचे जुने अंक एकदा गेले की कुठल्याही अनुदानातून परत मिळत नाहीत.

ठाऊक नसलेला हक्क

मोठा टाइप शोधणाऱ्या गुरुजींकडे परत वळू. पुस्तकाची प्रत काढणे म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग, एवढेच बहुतेक ग्रंथपालांनी ऐकलेले असते. म्हणून ते हात वर करतात. परंतु आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. ज्यांना अंधत्वामुळे किंवा अन्य अपंगत्वामुळे छापील मजकूर नेहमीसारखा वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ब्रेल, ध्वनी किंवा अन्य सुलभ रूपातली प्रत नफ्याविना तयार करण्याची मुभा या दुरुस्तीने दिली. याच हेतूने २०१३ मध्ये मोरोक्कोतील माराकेश शहरी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्यावर सर्वांत आधी शिक्कामोर्तब करणारा देश भारत होता. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे अशा वाचकांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू आहे.

तसेच, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांना खुले होते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०११ पासून मुक्त आहे. एखाद्या ग्रंथालयाने त्यांच्या गोष्टी मोठ्या अक्षरांत छापून वृद्धाश्रमात ठेवल्या किंवा ध्वनिमुद्रित करून अंध मुलांना दिल्या, तर कुणाचीही परवानगी मागावी लागत नाही. हे ग्रंथपालाला ठाऊक असेल तर गुरुजींचे वाचन सुरू राहते. ठाऊक नसेल तर एक वाचक कायमचा हरवतो आणि त्याची नोंद कुठल्याही अहवालात होत नाही.

शिकवते कोण?

सोयी अजिबातच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाविद्यालये आणि विद्यापीठे यांतल्या ग्रंथपालांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून उजळणी वर्गांची व्यवस्था उभी केली. तेव्हा त्या केंद्रांना अकॅडेमिक स्टाफ कॉलेज म्हणत. पुढे त्यांचे नाव बदलले. २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाखाली चालतात. या वर्गांना बढतीशी जोडले असल्याने तिथले ग्रंथपाल ते पूर्ण करतातच. इन्फ्लिबनेट आणि दिल्लीचे डेलनेट यांच्याही कार्यशाळा होतात. नोकरी सांभाळून पुढची पदवी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

खरी उणीव आहे ती सार्वजनिक ग्रंथालयांत. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे आणि त्याच्या आधारे 'अ' ते 'ड' वर्गांत विभागलेली अकरा हजारांहून अधिक अनुदानित ग्रंथालये गावोगावी पसरली आहेत. फार थोड्या राज्यांना एवढे मोठे जाळे लाभले आहे. ग्रंथालय संचालनालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम जिल्हा ग्रंथालय संघांच्या मदतीने चालतो. अनेक कार्यकर्त्यांनी तो पदरमोड करून जपला आहे. अधिवेशने होतात, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून चर्चासत्रांसाठी साहाय्यही मिळते. पण प्रमाणपत्र मिळाल्यानंतर दर काही वर्षांनी पुन्हा शिकायला या, असे सांगणारी, त्यासाठी रजा आणि प्रवासखर्च देणारी आणि शिकून आलेल्याची कदर करणारी पक्की व्यवस्था नाही.

आणि या ग्रंथपालाची स्थिती काय असते? छोट्या ग्रंथालयात बहुधा एकच सेवक असतो. तोच ग्रंथपाल, तोच लेखनिक, तोच झाडलोट करणारा. तो प्रशिक्षणाला गेला तर कुलूप लागते. वेतन इतके तुटपुंजे की एसटीचे भाडे आणि राहण्याचा खर्च स्वतः करायचा म्हटले तर महिन्याचे गणित कोलमडते. महिला ग्रंथपालांची अडचण आणखी वेगळी. घरची कामे, मुलांच्या शाळा आणि परगावी दोन-चार दिवस राहण्याला घरातून होणारा विरोध! 'एवढ्याशा पगारासाठी आणखी कसले शिक्षण?' हा टोमणा ऐकतच अनेकजणी गप्प बसतात. तेव्हा 'ग्रंथपालांना शिकायची आवड नाही' असा ठपका ठेवण्याआधी आपण त्यांच्यासाठी दार किती उघडे ठेवले आहे, हे पाहिलेले बरे.

प्रमाणपत्रांचा पाऊस

२०२० साली करोनाच्या टाळेबंदीत ग्रंथालये बंद झाली आणि ऑनलाइन व्याख्यानांना उधाण आले. घरबसल्या देशभरातल्या जाणकारांना ऐकण्याची संधी खेड्यातल्या ग्रंथपालालाही मिळाली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्याबरोबर प्रमाणपत्रांचा पाऊसही पडला. व्याख्यान लावून ठेवायचे, शेवटी चार सोपे प्रश्न सोडवायचे आणि छापील चौकट गोळा करायची. काही जणांकडे अशा चौकटींची जाड फाइल झाली, पण ग्रंथालयाच्या खिडकीशी काहीच बदलले नाही.

शिकण्याची कसोटी एकच. परत आल्यावर वाचकाला त्याचा काय उपयोग झाला? कार्यशाळेतून आलेल्या ग्रंथपालाने महिनाभरात एक जरी नवी गोष्ट सुरू केली, मुलांचा गोष्टीचा तास असो, नोंदी युनिकोडमध्ये आणण्याचे काम असो की वाळवी लागलेल्या कपाटाचा बंदोबस्त असो, तर ते शिक्षण खरे. नाहीतर तो फक्त कागद.

इतर देशांत काय चालते?

फिलिपाइन्समध्ये ग्रंथपालांना सरकारी परवाना लागतो. २०१६ च्या कायद्याने तेथे परवान्याच्या नूतनीकरणाला सतत शिक्षणाची जोड दिली. न्यूझीलंडमध्ये व्यावसायिक संघटनेने २००७ मध्ये ग्रंथपालांची ऐच्छिक नोंदणी सुरू केली. आपण काय नवे शिकलो आणि ते कामात कसे आणले, हे नोंदणी केलेल्यांनी ठरावीक काळाने दाखवायचे, अशी ती रीत आहे. एकीकडे कायद्याची सक्ती, तर दुसरीकडे स्वेच्छेची शिस्त.

ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१६ मध्ये या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शिकत राहणे ही ग्रंथपालाची स्वतःची जबाबदारी आहेच, पण ती त्याला नोकरीवर ठेवणाऱ्या संस्थेचीही तितकीच आहे, असे त्यात म्हटले आहे. कामाच्या वेळेतला सुमारे दहा टक्के वेळ शिकण्यासाठी द्यावा आणि संस्थेच्या अंदाजपत्रकातला किमान अर्धा ते एक टक्का त्यासाठी राखून ठेवावा, अशी त्यांची शिफारस आहे. आपल्या हिशेबाने मांडायचे तर आठवड्याचे चार तास आणि शंभर रुपयांतला एक रुपया. हे काही आकाशातले चांदणे मागणे नव्हे.

आपल्याकडे उद्याच सक्ती आणावी, असे मात्र वाटत नाही. ज्याला धड वेतन नाही, त्याच्यावर नव्या परीक्षेचे ओझे टाकणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आधी सोय, मग मान, आणि नंतर अपेक्षा, असा क्रम असावा.

लहान ग्रंथालयालाही करता येईल असे

• वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने अंदाजपत्रकात 'सेवक प्रशिक्षण' असा एक स्वतंत्र रकाना घालावा. रक्कम लहान असली तरी चालेल, रकाना हवा.

• शेजारच्या पाच-सहा गावांतल्या ग्रंथपालांनी महिन्यातून एक दुपार एकत्र बसावे. प्रत्येकाने आपल्याला येणारी एक गोष्ट इतरांना शिकवावी. कुणाला संगणक येतो, कुणाला बांधणी, कुणाला मुलांना गोष्ट सांगण्याची हातोटी असते.

• ग्रंथपाल प्रशिक्षणाला जाईल तेव्हा खिडकी सांभाळण्यासाठी दोन वाचक-स्वयंसेवक आधीच तयार करावेत. कुलूप लावायची वेळ येणार नाही.

• उत्तर देता न आलेल्या प्रश्नांची एक वही ठेवावी. वर्षअखेरीस ती उघडली की पुढच्या वर्षी काय शिकायचे, ते आपोआप कळते.

• शिकून आलेल्या ग्रंथपालाने मंडळाच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटे बोलावे. पदाधिकाऱ्यांनाही त्यातून चार गोष्टी कळतील.

• फाटलेल्या पानांवर साधी चिकटपट्टी लावणे आजच थांबवावे. तिचा डिंक कालांतराने पिवळा पडतो आणि कागद खराब करतो. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि पातळ, मजबूत कागद यांनी दुरुस्ती कशी करावी, हे एका दुपारी शिकता येते.

वाचकांचाही वाटा

शेवटी, वाचकहो, थोडे आपल्याकडेही वळू या. मुलाच्या शाळेत कोणत्या सुविधा आहेत हे विचारताना आपण मैदान पाहतो, प्रयोगशाळा पाहतो, बसची सोय पाहतो. शाळेत ग्रंथपाल आहे का आणि असल्यास त्याला कधी प्रशिक्षणाला पाठवता का, असे किती पालक विचारतात? वाचनालयाच्या वार्षिक सभेची नोटीस फलकावर लागते. वर्गणीदार म्हणून त्या सभेला जाण्याचा आणि हाच प्रश्न मांडण्याचा हक्क आपल्याला आहे. आपण तो कधी बजावतो का?

आपण ग्रंथपालाकडे पुस्तक मागतो तेव्हा नुसते पुस्तक मागत नसतो. हजारांतून नेमके आपल्या कामाचे कोणते, हे त्याने सांगावे, अशी आपली अपेक्षा असते. खऱ्या-खोट्या माहितीचा महापूर आलेल्या या काळात अशा जाणत्या माणसाची गरज कमी झाली नाही, उलट वाढली आहे. मात्र जाणतेपण एकदा मिळवून कपाटात ठेवता येत नाही. विहिरीचा उपसा चालू असेल तर झरेही मोकळे राहावे लागतात. गावाची तहान भागवणाऱ्या या विहिरीचे झरे मोकळे ठेवणे हे ग्रंथपालाचे काम आहे, पण गाळ काढायला हात लावणे हे साऱ्या गावाचे.